पहिलं काम खैरमाळचं

नवनाथ चहा पिऊन गेला त्याला दोन तास झाले होते, आणि त्यानं टेबलावर ठेवलेला कागद अजून कोराच होता. लंकाबाई भोये हातात पेन धरून त्या कागदासमोर बसली होती. बाहेर इंदिरानगरातली दुपार नेहमीसारखी चालली होती. समोरच्या गच्चीवर कुणी कुरडया वाळत घातल्या होत्या, भाजीवाला मेथी-शेपू ओरडत गल्लीतून निघून गेला होता. घर तिच्या लेकीचं, अंजलीचं. अंजली दवाखान्यात नर्स, ती कामावर गेलेली.

नवनाथ हा लंकाबाईच्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा. पक्षाची तालुक्यातली सगळी धावपळ त्याच्याकडं.

"काकू," तो म्हणाला होता, "शुक्रवारी नाशकात मुलाखती हायेत. इच्छुक सात जण, पण तुमचं पारडं जड. ते एकच विचारतील, पुन्हा संधी दिली तर आधी काय करणार? पाच कामं क्रमानं लिहून ठेवा. मी टाइप करून आणतो."

"तूच लिही ना. मागं तूच लिहायचास."

"तेव्हा काका होते. आता लोक म्हणतात, बाईला स्वतःला काय करायचंय ते कळू द्या."

नाशिकहून पश्चिमेला, त्र्यंबक ओलांडलं की डोंगर अंगावर येतात. पुढं हरसूल. त्या डोंगरांत पाऊस असा पडतो की भातखाचरांचे बांध फुटतात, आणि होळी झाली की त्याच डोंगरांत बाया हंडे घेऊन पाण्यामागं फिरतात. निवृत्ती भोये हे तिथलं वजनदार नाव. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाचं पोर आश्रमशाळेत घालायचं, कुणाला साप चावला नि गाडी पाहिजे, की माणूस निवृत्तीच्या दारात. २०१७ साली तिथली जिल्हा परिषदेची जागा बाईसाठी राखीव निघाली आणि निवृत्तीनं बायकोला उभं केलं. सातवी शिकलेली लंकाबाई निवडून आली. सभेत ती बसायची आणि बाहेर जीपजवळ निवृत्ती उभा असायचा. कागद तो वाचायचा, सही ती करायची. लोक तिला सदस्यताई म्हणायचे आणि काम निवृत्तीला सांगायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही नाही.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत निवृत्तीला नाशकातल्या दवाखान्यात नेलं, तो घरी परत आला नाही. वर्षभरानं तिची मुदत संपली. निवडणूक लागलीच नाही. प्रशासकाचा कारभार सुरू झाला तो चार वर्षं चालूच राहिला. आता कुठं वारं फिरलं होतं. आज लागेल, उद्या लागेल म्हणून सगळे कंबर कसून बसले होते.

लंकाबाईनं कागदावर एकचा आकडा काढला. लगेच बोटं गार पडली. मान वर न करताही तिला कळलं, स्वयंपाकघराच्या दाराशी कुणीतरी उभं आहे.

रूपाली होती. नेहमीसारखीच. साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेली आणि अंगाला चिकटलेली, केसांतून पाणी निथळतंय, आणि उजव्या हातात चार घड्या घातलेला कागद. तेवढा कागद मात्र कोरडा. ती बोलत नसे, रागानं बघतही नसे. कचेरीत एखादी बाई आपला नंबर कधी येतो म्हणून थांबते, तशी नुसती थांबलेली असायची.

जिवंतपणी लंकाबाईनं तिला एकदाच पाहिलं होतं. खैरमाळ हा अकरा घरांचा पाडा. तिथली विहीर जुनी, दगडी, खोल. उन्हाळ्यात तळाला वाटीनं भरावं एवढंच पाणी. भूजलवाले साहेब येऊन पाड्याच्या वरच्या अंगाला चुन्याचा गोल मारून गेले होते, इथं नवी विहीर होणार म्हणून. सहा महिने गेले तरी कुदळ पडेना, तेव्हा तेवीस वर्षांची रूपाली पोरीला हाताला धरून अर्ज घेऊन आली. निवृत्ती घरी नव्हता.

"ताई, चुन्याची खूण पावसात पुसून गेली," ती म्हणाली. "परत मारायला सांगता का?"

"होईल, होईल. ठेव अर्ज इथं."

रूपालीनं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि अर्ज परत कमरेला खोचला. "दादांच्याच हातात देते," असं म्हणून ती पोरीला घेऊन उतरून गेली.

पुढच्या मे महिन्यात भर दुपारी ती जुन्या विहिरीत उतरली. कपारीतला दगड निसटला. तिला वर काढली ती दोराला बांधून.

तिचं बारावं झालं त्याच आठवड्यात नाशकात सभा होती. पाणीटंचाईवर चर्चा चालू होती. लंकाबाईनं सहज मागं वळून बघितलं तर शेवटच्या रांगेमागं, भिंतीला लागून, ही उभी. पायांशी पाण्याचं थारोळं. थोड्या वेळानं एक शिपाई आला, "एसीचं पाणी गळतंय वाटतं," असं पुटपुटला आणि तिथं फडकं टाकून गेला. ते फडकं भिजलं होतं. तेव्हापासून लंकाबाईनं स्वतःला कधी सांगितलं नाही की हा आपला भास आहे.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, हरसूलकडचा भगत झाला. गोळ्यांनी झोप चांगली लागायची. पण रूपाली झोपेत येणारी नव्हतीच. ती दिवसाउजेडी यायची, आणि कामाची गोष्ट निघाली की हमखास यायची.

अंजली घरी आली तेव्हा आई तशीच बसलेली. कागदावर एक आकडा, आणि त्याच्याभोवती कागद दमट होऊन फुगलेला.

"परत दिसली?" अंजलीनं विचारलं. तिला आईचं दुखणं ठाऊक होतं. पर्स काढून ठेवत ती आईच्या शेजारी बसली. "आई, बाबांनी जे केलं ते बाबांबरोबर गेलं. त्यांचं ओझं तू किती दिवस वाहणार?"

अंजलीलाही तेच ठाऊक होतं, जे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. खैरमाळला मंजूर झालेली विहीर निवृत्ती भोयेनं सासुरवाडीला, मोहटेंभ्याला, पळवली. बायकोच्या माहेरची मतं पक्की करायला पळवली. लोक त्याच्या तोंडावर बोलले, पाठीमागं बोलले, तो मेल्यावरही बोलत राहिले.

खरं काय झालं होतं ते दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक आता नव्हतं.

खैरमाळला चुन्याची खूण झाली त्या वर्षी निवृत्ती दोन दिवस बाहेरगावी होता. ठेकेदाराचा माणूस पत्र घेऊन आला. तालुक्यात खैरमाळसकट दोन विहिरी धरल्या होत्या, आता एकच होणार. सदस्यांनी जागेचं नाव घालून सही करायची. "दादा आल्यावर येतो," तो म्हणाला. लंकाबाई म्हणाली, "थांब."

आदल्याच आठवड्यात ती माहेरी गेली होती. तिची आई विमलाबाई सत्तरीची. झऱ्यावरून कळशी आणताना पडली होती, दोन्ही गुडघे सोलवटले होते, आणि लेकीला दिसू नयेत म्हणून लुगडं खाली ओढून बसली होती. लंकाबाईच्या डोळ्यांपुढं ते गुडघे आले. तिनं पत्र आतल्या खोलीत नेलं, पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत मोहटेंभा असं लिहिलं. पाच वर्षांत तिनं शेकड्यांनी सह्या केल्या, पण आपल्या मनानं, आपल्या अक्षरात एवढा एकच शब्द लिहिला.

निवृत्तीला कळलं तेव्हा तो "खैरमाळची खूण झाली होती गं," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "असू दे. त्यांना पुढल्या साली देऊ." ते पुढलं साल म्हणजे रूपाली गेली ते.

गावात बोभाटा झाला. लंकाबाई नवऱ्याला म्हणाली, "मी सांगते सगळ्यांना, मी लिहिलं म्हणून." निवृत्तीनं मान हलवली. "तुला जगू द्यायचे नाय ते. माझ्या नावावर राहू दे. मला सवय हाय."

तिनं राहू दिलं. विमलाबाईनं मात्र लेकीचं तोंड बघूनच ओळखलं असावं. रूपालीची बातमी मोहटेंभ्याला पोचली त्या दिवसापासून तिनं नव्या विहिरीचं पाणी घेतलं नाही. "त्या पाण्यावर दुसरीचं नाव हाय," म्हणायची, आणि कळशी घेऊन पुन्हा झऱ्यावर जायची. मरेपर्यंत जात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईनं अंजलीला चिठ्ठी लिहून ठेवली आणि हरसूलची एसटी धरली. सात वर्षांत तिनं खैरमाळात पाऊल टाकलं नव्हतं. फाट्यापर्यंत जीप मिळाली, पुढं चालत. मार्च नुकताच लागला होता, तरी माळ भाजल्यासारखा झाला होता. पाड्यात प्रत्येक दारापुढं नळ उभा होता. एका नळावर कुणीतरी लुगड्याचं धडपं वाळत घातलं होतं. माणसं दिसेनात. सगळ्या बाया विहिरीवर होत्या.

रूपालीची सासू सखुबाई विहिरीच्या काठावर दगडावर बसली होती. शेजारी दोराचं वेटोळं आणि तेरा वर्षांची राखी, रूपालीची पोर. आईसारखंच रुंद कपाळ.

"सदस्यताई?" सखुबाईनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "वाट चुकली जणू."

"नाय चुकले. तुझ्याकडंच आले."

"मतदान लागलं का?"

"अजून नाय. सांगायला आले." लंकाबाई बसली नाही. "तुमची विहीर माझ्या नवऱ्यानं नाय नेली. मी नेली. त्या कागदावर माझ्या माहेराचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. तो घरात पण नव्हता."

काठावरच्या बायांचे हात थांबले. सखुबाई तिच्याकडं बघत राहिली.

"पुन्हा बोल."

लंकाबाईनं पुन्हा सांगितलं.

"ह्या साऱ्यांना ऐकू जाईल असं बोल."

तिसऱ्यांदा सांगताना लंकाबाईचा आवाज चिरकला. पलीकडच्या करवंदीच्या जाळीजवळ रूपाली उभी होती, निथळत. ती कुणाकडंच बघत नव्हती.

"त्या दिशी तो आला व्हता," सखुबाई हळूच बोलू लागली. "तुझा नवरा. तिला अजून उचललं पण नव्हतं. मी शेणाचा गोळा घेतला नि त्याच्या तोंडावर मारला. सारा पाडा बघत व्हता. त्यानं पुसलं नाय. तसाच हात जोडून उभा राह्यला नि तसाच गेला. मी म्हणलं, चोर हाय म्हणून गप हाय."

लंकाबाईला तो दिवस लख्ख आठवला. मे महिन्यात निवृत्ती चिंब भिजलेला सदरा घालून घरात आला होता. तिनं विचारलं तर म्हणाला, लय उकडत होतं, टाकीवर डोक्यावरून पाणी घेतलं. शेणाचं तो एक अक्षरही बोलला नव्हता. ना त्या दिवशी, ना नंतर.

"तो मेला तव्हा मी कोंबडं कापलं," सखुबाई म्हणाली. "रूपालीनंच नेला म्हणून सारे म्हणत व्हते. सात वरसं शिव्या दिल्या त्याला. उठता-बसता दिल्या. आता त्या कुठून माघारी आणू?"

"माझ्यावर घाल."

"तसं नाय होत, बाई. शिवी गेली ती गेली. नि नव्यानं द्यायला माझ्यात जोर नाय राह्यला."

राखी म्हणाली, "आजी, ऊन चढतंय. पाणी भरायचं का नाय?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं परकर खोचला, कमरेला दोर बांधला आणि ती काठावर वाकली.

"मी उतरते!" लंकाबाई पुढं झाली.

"तू उतरून मरशील," सखुबाई म्हणाली. "तुला दगड ठाऊक नायत. तिला हायेत."

लंकाबाईनं बाकीच्या बायांबरोबर दोर धरला. पोर एकेका दगडावर टाच टेकवत खाली गेली आणि दिसेनाशी झाली. खालून वाटीचा खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे लंकाबाईला माहीत होतं, पाच वर्षं तिनं टंचाईचे आराखडे मंजूर केले होते. पण तिनं कधी दोर हातात धरून तो वेळ मोजला नव्हता. पोर वर आली तेव्हा लंकाबाईच्या तळहातांची साल निघाली होती.

निघताना सखुबाईनं विचारलं, "निवडून आलीस तर काय करशील?"

"पहिली तुमची विहीर."

"नि नाय आलीस तर?"

लंकाबाईनं सोललेले तळहात पदराला पुसले.

"मग ती मतदानाची विहीर हाय. आमची नाय." सखुबाईनं हंडा डोक्यावर घेतला. "आत्ता इथं बोललीस ना, तसं तिथं बोल. मोठ्या माणसांत."

शुक्रवारी मुलाखती एका मंगल कार्यालयात होत्या. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच होती, नवरा-नवरीचा सोफाही स्टेजवर तसाच; त्याच्यापुढं टेबल टाकून पक्षाचे तीन जण बसलेले. नवनाथनं टाइप करून आणलेली यादी लंकाबाईच्या हातात दिली होती: रस्ता, सभामंडप, स्मशानशेड, बाजारओटे, मोठे दिवे. ती तिनं पिशवीत घातली आणि स्वतः लिहिलेला कागद काढला. अंजली रजा घेऊन आली होती आणि मागच्या खुर्चीवर बसली होती.

"बोला ताई," मधला माणूस म्हणाला. "पुन्हा संधी मिळाली तर प्राधान्य कशाला?"

लंकाबाईनं वाचायला सुरुवात केली. "पहिलं, खैरमाळची विहीर. ती आठ वर्षांपूर्वीच मंजूर होती. मी ती माझ्या माहेरी नेली. माझ्या सहीनं, माझ्या अक्षरात. मग तिथं जुन्या विहिरीत पडून रूपाली नावाची बाई मेली. निवृत्ती भोयेंचा यात काही संबंध नव्हता. त्यांनी ते फक्त अंगावर घेतलं."

तिनं कागदावरचं बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"दुसरं, कुठल्याही कामाची जागा बदलायची तर आधी त्या पाड्यावर जाऊन, सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचून दाखवायचं. तिसरं, नळाला पाणी आलं का नाय हे कागदावर नाय बघायचं, हंडा लावून बघायचं. चौथं, नवी विहीर होईस्तोवर जुन्या विहिरींना एप्रिलच्या आत लोखंडी कड्या आणि कठडा." तिनं कागद खाली घेतला. "पाचवं लिहिलं नाय. एवढंच झालं तरी लय."

उजवीकडचा म्हातारा माणूस घसा खाकरून म्हणाला, "ताई, तुमचं दुःख आम्हाला समजतं. पण हे असं बोलायचं नसतं. उद्या समोरचे हेच छापतील."

"खैरमाळात मतं किती?" मधल्यानं विचारलं.

"एकतीस."

"एकतीस मतांसाठी पहिला नंबर?"

लंकाबाई त्यांच्या खांद्यावरून मागं बघत होती. लाल मखमलीच्या त्या सोफ्याशेजारी रूपाली उभी होती. खरं बोललो की ही जाईल, असं लंकाबाईला आतून वाटत होतं; एसटीत वाटलं होतं, रात्रभर वाटलं होतं. ती गेली नव्हती. हातातला कागद तसाच, तितकाच कोरडा. लंकाबाईनं तिला नमस्कार केला. समोरच्या तिघांना वाटलं, आपल्यालाच केला.

घरी आल्यावर अंजली बापाच्या फोटोसमोर उभी राहिली.

"शेवटचे चार दिवस मी त्याच दवाखान्यात ड्यूटीवर होते," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "किट घालून त्यांच्याजवळ जायचे. सलाइन बघायचे, ऑक्सिजन बघायचे. बोलायचे नाही. ते बघत राहायचे माझ्याकडं. मला वाटायचं, ह्या माणसानं एका बाईचा जीव घेतला." तिनं वळून आईकडं बघितलं. "तू तेव्हा फोनवर रोज बोलायचीस माझ्याशी. एकदा तरी सांगायचंस."

"हो," लंकाबाई म्हणाली.

आठ दिवस अंजली आईशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं जेवताना मीठ मागितलं. पण आधीचं जे होतं ते आलं नाही. आता ते येणारही नाही, हे लंकाबाईनं मनाशी धरलं, आणि ती गावाकडच्या घरी राहायला गेली.

पक्षाकडून पुढं कुणाचाच फोन आला नाही. नवनाथच्या बायकोचं, आशाचं, नाव पुढं आलं. आशानं पत्रकं वाटायला घेतली. त्यात चौथ्या ओळीत होतं, खैरमाळ व परिसराचा पाणीप्रश्न मार्गी लावणार. निवडणूक तेवढ्यात परत लांबली.

लंकाबाई मोहटेंभ्याला भावाकडं गेली. खंडेराव गवंडीकाम करायचा. त्याला तिनं सगळं सांगितलं. तो आधी तिच्यावर भडकला, मग रडला, मग म्हणाला, "आई झऱ्यावर का जायची ते आज कळलं." एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यानं लोखंडी कड्या आणल्या, आणि चार दिवस दोराला लोंबकळत खैरमाळच्या जुन्या विहिरीत सिमेंटनं बसवल्या. एकूण बावीस. लंकाबाई वरून त्याला पाटी सोडत होती. पाड्यातलं कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. शेवटच्या दिवशी राखी येऊन एकेक कडी पायानं दाबून बघून गेली. नव्या विहिरीचा अर्ज लंकाबाईनं पंचायत समितीत दिला. तो अजून टेबलावरच आहे.

मे महिन्यात हरसूलच्या बाजारात सखुबाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. लंकाबाई समोर जाऊन उकिडवी बसली.

"कड्या बऱ्या हायेत," सखुबाई म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचं नाव आता कोणी वंगाळ घेत नाय. तुझं घेतात."

"घेऊ देत."

"आशाबाईनं टँकर धाडला. आमची मतं तिला जातील."

"जाऊ देत. टँकर येतोय ना?"

"येतो. दोन दिसाआड." सखुबाईनं पानाच्या द्रोणात मूठभर करवंदं घालून तिच्यापुढं सरकवली आणि आवाज खाली आणला. "लोक म्हणतात, तुला ती दिसते."

लंकाबाईनं मान डोलावली.

"अजून?"

"काल पण दिसली. अंगणात."

सखुबाई बराच वेळ पाटीतली करवंदं वरखाली करत राहिली. कुणी गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेलं, तिनं बघितलंही नाही.

"मला एकदा पण नाय दिसली," ती म्हणाली. "माझ्या हातची भाकर खायची ती. मी रोज जाते तिथं, रोज वाकून बघते. नाय दिसत. आली ती तुझ्याकडं."

लंकाबाईनं करवंदांचा द्रोण उचलून हातात धरला.

"आता दिसली तर एक विचार. राखीचा जन्माचा दाखला तिनं कुठंतरी ठेवलाय. घर पालथं घातलं, सापडत नाय. शाळावाले मागतात."

"दाखला मी काढून देते, सखुबाई. सोमवारी ग्रामपंचायतीत जाते. त्यात काय."

"ते तू देशील. ते मला ठाऊक हाय," सखुबाई म्हणाली. "पण तू तिला विचार."